निळी टिक झाली, पण निरोप पोहोचला का?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता. तिसरा तास संपवून मी शिक्षक-खोलीत आले आणि डॉक्टरांचा फोन आला. अब्बांच्या रक्ताचा रिपोर्ट त्यांच्यासमोर होता. "साखर फार खाली येते आहे. संध्याकाळची गोळी आजपासून बंद करा, सकाळची तशीच चालू ठेवा," एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. चौथ्या तासाची घंटा होतच होती. मी उभ्याउभ्या अम्मीच्या मोबाइलवर मेसेज टाकला. आमची नेहमीची पद्धत, म्हणजे शब्द उर्दू आणि अक्षरे इंग्रजी. वीस सेकंदांत काम झाले. वर्गाच्या दारापर्यंत पोहोचते तोच मेसेजखालच्या दोन्ही टिक निळ्या झाल्या. म्हणजे अम्मीने वाचले. मी निश्चिंत मनाने नववीच्या मुलांना मराठीचे व्याकरण शिकवायला घेतले.

रात्री अकराला भाभीचा फोन आला. अब्बा घामाने भिजले होते, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध झाले होते. भाभीला साखर उतरण्याची लक्षणे ठाऊक होती. अब्बा शुद्धीवर आहेत, गिळू शकतात हे पाहून तिने त्यांना साखरेचे पाणी पाजले, शेजाऱ्यांची रिक्षा काढली आणि तालुक्याला आणले. अल्हम्दुलिल्लाह, पहाटेपर्यंत अब्बा सावरले. पण दवाखान्याच्या बाकावर बसून मी अम्मीला विचारले, "संध्याकाळची गोळी का दिलीस? मी दुपारी मेसेज केला होता ना?"

अम्मी माझ्याकडे पाहतच राहिली. "कसला मेसेज?"

झाले होते असे. अम्मीचा मोबाइल सात वर्षांच्या पुतण्याच्या हातात होता. तो व्हिडिओ शोधत होता. मेसेज आला, त्याने दाबून उघडला, बंद केला आणि पुन्हा व्हिडिओकडे वळला. टिक निळ्या झाल्या. पण समजा, तो मोबाइल अम्मीच्या हातात असता तरी काय झाले असते? अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली. उर्दू ती झरझर वाचते, दुकानाच्या पाटीवरचे मराठीही जुळवून वाचते. इंग्रजी अक्षरे मात्र तिला येत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी इतकी वर्षे मी तिला त्याच अक्षरांत लिहीत आले, कारण ती मला सोयीची होती. ती एकेक मेसेज नातवंडांकडून वाचून घेत असे आणि मला वाटे की ती वाचते.

चूक अ‍ॅपची नव्हती, माझी होती. पण त्या रात्रीपासून मी मेसेजच्या या अ‍ॅपकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. आपण 'वापरायला सोपे' म्हणतो तेव्हा ते नेमके कोणाला सोपे असते, पाठवणाऱ्याला की ज्याच्यासाठी निरोप आहे त्याला?

इंग्रजी अक्षरांची सवय कुठून लागली?

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला. नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने तो संगणकावरून व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याच्या फोनवर पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. पुढे हे एसएमएस आपल्याकडे आले तेव्हा एका संदेशात १६० अक्षरे मावत. पण हे १६० फक्त इंग्रजीसाठी. मराठी किंवा उर्दूत लिहायला घेतले की तीच मर्यादा ७० वर येई, कारण आपल्या लिपीतल्या प्रत्येक अक्षराला फोनच्या हिशेबात दुपटीहून जास्त जागा लागते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी हे सगळे वेगळे मोजले जाते. 'गोळी' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, एसएमएसच्या हिशेबात तो चार अक्षरांचा असतो. सत्तरच्या पुढे गेले की एका संदेशाचे दोन भाग होत आणि पैसेही दोनाचे जात.

त्यात बटणे! टॉर्चवाला नोकिया ११०० बहुतेकांना आठवत असेल. एका बटणावर तीन-चार इंग्रजी अक्षरे असत. 'सलाम' लिहिताना पहिल्याच अक्षरासाठी सात आकड्याचे बटण चार वेळा दाबावे लागे. मग आपली बाराखडी आणि जोडाक्षरे त्या बटणांवर बसवायची म्हणजे किती दाबादाबी! म्हणून लोकांनी तडजोड केली. भाषा आपली ठेवली, अक्षरे इंग्रजी घेतली. त्या काळात ते शहाणपणाचेच होते.

आता मोबाइलच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड आहे, उर्दू कीबोर्ड आहे आणि ७० अक्षरांची अडचण या अ‍ॅपवर नाही. अडचण गेली तरी सवय राहिली. शाळेत शिकलेल्या पिढीला ती नडत नाही. नडते ती घरातल्या वडीलधाऱ्यांना, ज्यांचे वाचन उर्दूत किंवा मराठीत झाले. आपण त्यांना 'मोबाइल येत नाही' म्हणतो. खरे तर मोबाइलवर त्यांना वाचता येईल असे आपण काही पाठवतच नाही.

"ही कसली उर्दू?"

दवाखान्यातून घरी आल्यावर मी पहिले काम केले. माझ्या मोबाइलवर उर्दू कीबोर्ड घेतला आणि अम्मीला दोन ओळी पाठवल्या. वाटले, आता ती खूश होईल. तिने मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ही कसली उर्दू? ही तर अरबीसारखी दिसते."

तिचे म्हणणे बरोबर होते. आपण उर्दूची पुस्तके वाचतो ती नस्तालीक वळणात असतात. त्यात शब्दातली अक्षरे उजवीकडून डावीकडे येताना तिरकी खाली उतरतात, एकमेकांच्या अंगावर झुकतात. त्याला उंची जास्त लागते आणि यंत्रावर ते बसवणे अवघड असते. छापखान्यातही हा प्रश्न फार काळ सुटला नव्हता. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे कातिब हाताने लिहीत. १९८१ च्या सुमारास पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक तयार केले आणि मग संगणकावर नस्तालीकची जुळणी होऊ लागली. मोबाइलवर मात्र अनेकदा नस्ख वळण दिसते. ते सरळ एका रेषेत चालते, अरबी मजकुरासारखे. अक्षरे तीच असली तरी ज्या डोळ्यांना साठ वर्षे नस्तालीकची सवय आहे, त्यांना ती अडखळत वाचावी लागतात. आपल्याला कोणी मराठीचे पान मोडीत लिहून दिले तर कसे होईल, थोडेफार तसेच.

अम्मीच्या मोबाइलवर फॉन्ट बदलण्याची सोय नव्हती. म्हणून मी सोपा मार्ग काढला. औषधाचा निरोप असेल तर कागदावर हाताने, मोठ्या अक्षरांत उर्दूत लिहायचा, त्याचा फोटो काढायचा आणि तो पाठवायचा. तिला माझे अक्षर ओळखीचे आहे. फोटो दोन बोटांनी मोठाही करता येतो. इतके साधे काम, पण ते सुचायला मला दवाखान्याची एक रात्र लागली.

आवाजाचा निरोप

माझे लहानपण कोकणातल्या पुष्कळ मुलांसारखे गेले. अब्बा कुवेतला आणि आम्ही गावात. पत्र यायला पंधरा दिवस लागत. कधी कोणी सुट्टीवर येई तेव्हा त्याच्या सामानात आमच्यासाठी एक कॅसेट असे. अब्बांनी त्यात अर्धा-पाऊण तास बोललेले असे. सगळे घर टेपरेकॉर्डरभोवती बसे. अम्मी ती कॅसेट दुपारी एकटीने पुन्हा लावत असे, हे मला मोठेपणी कळले.

आज माझा भाऊ दुबईत आहे. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात-जातात, पण त्यावरून आवाजी किंवा व्हिडिओ कॉल चालत नाही. म्हणून त्याच्या आणि अम्मीच्या मधला दुवा म्हणजे आवाजाचा मेसेज. व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय २०१३ मध्ये आणली. लिहिता-वाचता येण्याची अट त्यात नाही. बटण दाबायचे आणि बोलायचे. आमच्या घरात कॅसेट पुन्हा आली, असेच मी म्हणेन.

पण सोपे म्हटलेले हे कामही अम्मीजवळ बसून पाहिले तेव्हा त्यातली अडचण दिसली. बोलणे संपेपर्यंत माइकचे बटण दाबून धरावे लागते. अम्मीच्या अंगठ्याचा सांधा दुखतो. मधेच बोट सुटते आणि अर्धाच निरोप जातो. बोट जरा डावीकडे घसरले की सगळे बोललेले पुसले जाते. भावाला "बेटा, कसा आहेस, इकडे पाऊस…" इथे तुटलेले असे कितीतरी निरोप गेले असतील. या अडचणीवर उपाय पुढे अ‍ॅपमध्येच आला आहे. माइक दाबून बोट वर सरकवले की कुलूप लागते, मग बोट काढले तरी ध्वनिमुद्रण चालू राहते. अम्मीला मी हे एकदा दाखवले आणि दहा वेळा करायला लावले. आता ती मोबाइल तक्क्याला टेकवून ठेवते आणि तांदूळ निवडत निवडत बोलते.

एकदा ती काळजीत पडली. "तो हल्ली फार घाईत बोलतो. काही झाले आहे का?" पाहिले तर आवाजाशेजारचा वेगाचा आकडा दाबला गेला होता आणि भाऊ दुप्पट वेगाने बोलत होता. आम्ही पोट धरून हसलो. अम्मीही हसली, पण त्याआधीचे दोन दिवस तिने काळजीत काढले होते.

आवाजाच्या मेसेजचा आणखी एक फायदा माझ्या लक्षात आला. पलीकडच्याने तो ऐकला की माइकची खूण निळी होते. पुतण्याने चुकून दाबला तरी आवाज खोलीत घुमतो आणि अम्मीच्या कानावर पडतो. मुक्या अक्षरांचे तसे होत नाही.

सहा आया आणि एक यू-पिन

घरात डोळे उघडले, मग शाळेकडे लक्ष गेले. आमच्या शाळेचा पालकांचा ग्रुप आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना आम्ही त्यावर टाकली होती, मराठीत, पीडीएफ जोडून. शेवटच्या दिवशी अर्धे अर्ज आलेच नव्हते. शिक्षक-खोलीत नेहमीचे वाक्य ऐकू आले, "पालकांना गांभीर्यच नाही." आधी मीही ते म्हटले असते.

वापरण्याच्या सोयीचा अभ्यास करणारे जेकब नील्सन नावाचे एक तज्ज्ञ आहेत. त्यांनी २००० साली एक साधी गोष्ट मांडली. एखादी वस्तू वापरायला कुठे अवघड आहे हे शोधायला शेकडो माणसे लागत नाहीत. पाच माणसांना ती वापरायला द्या आणि गप्प बसून पाहा, बहुतेक अडचणी दिसतात. मी सहा आयांना शनिवारी शाळा सुटल्यावर बोलावले, चहा ठेवला आणि म्हटले, "ग्रुपवरची शिष्यवृत्तीची सूचना शोधून मला दाखवा. मी मदत करणार नाही, फक्त बघणार." शिक्षिकेला गप्प बसणे किती कठीण जाते, हे तेव्हा कळले.

दोघींना सूचना सापडलीच नाही. तिच्यावर 'गुड मॉर्निंग'ची फुले आणि 'जुमा मुबारक'ची चित्रे यांचा ढीग होता. एकीला पीडीएफ दिसली, पण ती दाबली तर 'मोबाइल बिघडेल' म्हणून तिने दाबली नाही. एकीने उघडली, पण ए-फोर कागदावरची अक्षरे मोबाइलवर मुंगीएवढी दिसत होती. पाचवीने वाचली, समजली, पण मुलाच्या दाखल्याचा फोटो पाठवायचा कसा, हे तिला कळेना. मी न राहवून त्या जोडणीच्या खुणेकडे बोट केले. ती म्हणाली, "ती पिन? मला वाटले ती अशीच काढलेली आहे."

ती यू-पिन आहे. कागदाला कागद जोडायची. ज्याने कचेरीत काम केले त्याला तिचा अर्थ लगेच लागतो. जिने आयुष्यात कधी फाइल हाताळली नाही, तिला त्या वाकड्या तारेवरून 'इथून फोटो पाठवा' हे कसे समजावे? सहावीने मात्र सगळे बरोबर केले. तिला विचारले तर म्हणाली, "माझी मुलगी शेजारी बसून शिकवते. चुकले तरी ओरडत नाही." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवले आहे.

त्यानंतर आम्ही ग्रुपची मांडणी बदलली. आता फक्त शिक्षकच त्यात लिहू शकतात. ही सोय ग्रुपच्या सेटिंगमध्ये असते. पीडीएफ बंद केली. पहिल्या ओळीत काय करायचे, दुसऱ्या ओळीत कधीपर्यंत, तिसऱ्या ओळीत कोणता कागद हवा. खाली तोच मजकूर उर्दूत हाताने लिहिलेला फोटो आणि शेवटी एका मिनिटाचा आवाज. पुढच्या खेपेला अर्ज वेळेत आले, दोन राहिले. त्या दोघांच्या घरी आम्ही गेलो.

सोपेपणा घातक कधी होतो?

एक काम मात्र कोणालाच शिकवावे लागत नाही, ते म्हणजे फॉरवर्ड. वाचायला कष्ट, लिहायला कष्ट, पण पुढे ढकलायला एक बाण पुरतो. हा सोपेपणा किती महाग पडू शकतो हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी पट्टी दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले.

म्हणजे काही कामे मुद्दाम थोडी अवघड करावी लागतात. पाठवणाऱ्याचा बाण एका क्षणाचा असतो, त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. कोणीही आणलेली बातमी पडताळून मगच पुढे सांगायची, हे आपल्याला घरातच शिकवले जाते. बाण दाबण्याआधी तेवढे आठवले तरी पुरे.

आपल्या घरात एवढे करून पाहा

भगिनींनो, पुढच्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलजवळ बसा. त्यांच्या हातातून मोबाइल घेऊ नका. त्यांच्याच बोटांनी होऊ द्या.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'चॅट्स'खाली अक्षरांचा आकार असतो, तो मोठा करा. बाकीच्या पडद्यासाठी मोबाइलच्या सेटिंगमध्ये वेगळा आकार असतो, तोही वाढवा. अ‍ॅपची भाषा मराठी किंवा उर्दू करता येते. त्यांना कोणती वाचायला बरी वाटते ते विचारा, आपणच ठरवू नका.

सर्वांत जवळच्या तीन माणसांची नावे यादीत वर टाचून ठेवा. नाव दाबून धरले की वर टाचणीची खूण येते. औषधाचा किंवा तारखेचा मेसेज संवादात वर टाचून ठेवता येतो, अगदी तीस दिवसांपर्यंत. म्हणजे तो फुलांच्या ढिगाखाली जात नाही.

ज्यांना लिहिणे जमत नाही पण लिहायचे आहे, त्यांना कीबोर्डवरचा माइक दाखवा. गूगलच्या कीबोर्डवर मराठीत आणि उर्दूत बोलले की अक्षरे उमटतात. चुका होतात, पण पहिली ओळ आपोआप उमटली तेव्हा अब्बांच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहण्यासारखे होते.

आणि जिवाशी संबंध असलेला निरोप असेल, तर मेसेजवर सोडू नका. आधी फोन करा, मग आठवणीसाठी मेसेज ठेवा.

शेवटी एक जुनी गोष्ट. लहानपणी दादी आम्हाला शेजारी निरोप घेऊन पाठवत असे. निघताना दारातच थांबवून म्हणे, "काय सांगशील? सांग बघू." आम्ही उलट सांगून दाखवले की मगच सोडे. एक शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा कंटाळा यायचा. दोन निळ्या खुणांमध्ये जे नाही ते दादीच्या या रीतीत होते.

आता अम्मीने तीच रीत धरली आहे. मी औषधाचा कागद पाठवला की थोड्या वेळाने तिचा आवाज येतो, "ऐक, सकाळची गोळी नाश्त्यानंतर, संध्याकाळची बंदच, शुक्रवारी रक्त तपासायचे. बरोबर?"

मी लिहिते, "बरोबर." उर्दूत लिहिते, कागदावर, मोठ्या अक्षरांत. मग फोटो काढते.